मसूरची बैलगाडी आणि लंडनची बस

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक माउली माझ्याजवळ येऊन बसल्या. मुलीला लंडनला एम.ए.साठी प्रवेश मिळाला आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही मंजूर झाली. तरी आईचा चेहरा उतरलेला.

"भाऊ, पोरगी कधी पुण्यालासुद्धा एकटी गेली नाही. एवढ्या मोठ्या शहरात ती फिरणार कशी? आणि रोजचं भाडं किती पडणार?"

प्रश्न खरा आहे. शिष्यवृत्तीचे पैसे हाती येईपर्यंत घरचेच पैसे मोडावे लागतात. म्हणून तिथे शिकून आलेल्या आपल्या मुलांना विचारून मी हिशेब मांडला. तो सर्वांच्याच उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, लंडनमध्ये गरिबाचे वाहन म्हणजे लाल बस. २०२५ साली कितीही लांब जा, एका बसचे भाडे १ पाउंड ७५ पेन्स होते, म्हणजे आपले दोनशे रुपयांच्या घरात. आकडा ऐकून दचकू नका. पहिल्या बसला कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर वेगळे पैसे पडत नाहीत. दिवसभरात कितीही वेळा बसने फिरले तरी त्या साली ५ पाउंड २५ पेन्सच्या वर कापले जात नव्हते. मात्र २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. 'ऑयस्टर' नावाचे कार्ड किंवा बँकेचे कार्ड चढताना यंत्राला लावायचे. उतरताना लावायचे नाही.

भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, जगातली पहिली. ती वेगवान, पण महाग. तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड लावावे लागते, आणि तेही एकच कार्ड. आपल्या एका मुलाने आत जाताना एक आणि बाहेर पडताना दुसरे लावले. दोन्ही कार्डांवर प्रवास अर्धवट ठरला आणि जबर भाडे कापले गेले. त्या रात्री तो पावावरच झोपला. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात ही गर्दीची वेळ. तेव्हा भाडे जास्त असते. ती टाळता आली तर टाळावी.

लंडनमध्ये राहून शिकणाऱ्या अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना फोटोचे वेगळे कार्ड मिळते. त्यावर आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पासाला ३० टक्के सवलत असते. कॉलेजात नाव नोंदले की पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा. लाजू नये. सवलत ही भीक नव्हे, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. जवळच जायचे असेल तर रस्त्यावरच्या ठाण्यांवर भाड्याच्या सायकली असतात. एका ठाण्यावरून घ्यायची, दुसऱ्यावर लावायची. आणि आईसाठी सांगतो, अभ्यासिकेत उशीर झाला तरी अनेक मार्गांवर रात्रभर बस असते.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मात्र एक प्रवास करावाच. होबर्नहून पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअर, तिथे गाडी बदलून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म. पुढे थोडे चालले की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. बसभाडे वाचवण्यासाठी बाबासाहेब लंडनमध्ये पायी हिंडत, असे चरित्रकार सांगतात. ब्रिटिश म्युझियमपासून हे घर चारेक किलोमीटर. एकदा तेवढे अंतर आपल्या पायांनी चालून पाहावे.

त्या माउलीला मी शेवटी मसूर स्टेशनची आठवण दिली. वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमाला तिथे जात कळताच कोणी गाडीत घेईना. दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची या अटीवर. आज त्यांची लेक लंडनच्या बसमध्ये चढेल, तेव्हा यंत्र फक्त भाडे घेईल. पुढची रिकामी जागा तिचीच असेल.

माउली डोळे पुसत म्हणाल्या, "मग जाऊ द्या तिला, भाऊ."

जयभीम!