कोल्हापूर–तिरुपूर ५५ मिनिटांत? हे गणित दुकानाच्या कामाचं नाही



टी-शर्ट, लेगिंग्ज, इनरवेअरचं दुकान टाकायचं ठरलं की नवीन माणूस आधी मोबाईलवर 'कोल्हापूर ते तिरुपूर अंतर, फ्लाइट टाइम' असं शोधतो. उत्तर येतं: साधारण ७०० किलोमीटर, विमानानं तासाच्या आत. झालं! सकाळी जाऊ, माल बघू, रात्री जेवायला घरी.

जरा थांबा. असं विमानच नाही. या साइट नकाशावर दोन गावांत सरळ रेघ मारतात, तिला विमानाच्या वेगानं म्हणजे ताशी ८००च्या आसपास भागतात आणि आलेली वेळ छापतात. तिरुपूरला प्रवासी विमानतळ नाही. जवळचा कोइम्बतूरचा, आणि तिथूनही पुढे ५० किलोमीटरच्या आसपास रस्ता. उजळाईवाडीवरून उडालात तरी बेंगळुरूला विमान बदला, मधे ताटकळा, मग टॅक्सी. दिवस गेलाच. रेल्वेनं मिरजेहून राणी चन्नम्मा पकडली तर सकाळी बेंगळुरू, तिथून कोइम्बतूरकडे जाणारी गाडी. एकूण चोवीस तास धराच.

आणि माल काही तुमच्यासोबत विमानात बसत नाही. तो ट्रकनं येतो, हुबळी-बेंगळुरू-सेलम रस्त्यानं, ९००च्या वर किलोमीटर. ट्रान्सपोर्टवाला भाडं या अंतराचं लावतो, रेघेचं नाही. ५० हजारांच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं, त्याची मुदतसुद्धा रस्त्याच्या अंतरावर: दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे इथं पाच दिवस.

माझं मत स्पष्ट आहे. किती तास लागतात हा प्रश्नच चुकीचा. एका पीसवर प्रवास किती रुपये पडतो, ते विचारा.

उदाहरण घेऊ. जाणं-येणं, लॉज, खाणं मिळून ८,०००. तीन दिवस शटर बंद, रोजचा नफा १,५०० धरला तर ४,५००. हे कोणी वहीत लिहीतच नाही! एकूण १२,५००. आता तुमच्या गावच्या होलसेलरपेक्षा तिरुपूरचा माल, ट्रकभाडं धरूनही, पीसमागे २५ रुपये स्वस्त पडतो असं समजा. म्हणजे पहिले ५०० पीस फक्त प्रवासखर्च फेडतात. फायदा ५०१व्या पीसपासून. तुम्ही २०० पीस आणणार असाल तर प्रत्येक पीसवर साडेसदतीस रुपये घातलेत, आणि वर मित्राला सांगताय 'डायरेक्ट तिरुपूरचा माल'.

काही जण म्हणतील, सर, मार्केट बघायला तर जावंच लागतं ना? जा की. खादरपेठ एकदा फिरून या, कापडाचं जीएसएम हातानं ओळखायला शिका. पण तो खर्च शिक्षणाचा म्हणून वेगळा लिहा, मालाच्या किमतीत घुसवू नका. त्यानंतर सॅम्पल कुरिअरनं मागवा, धुऊन बघा, मग फोनवर ऑर्डर.

दुकान नवीन असताना ५०० पीस एकदम उचलणं बहुतेकांना झेपत नाही, साइजचे तुकडे पडून राहतात. तोपर्यंत जवळचा होलसेलर महाग वाटला तरी त्याच्याकडून घ्या, चार पीस बदलून तरी देतो. नाहीतर तालुक्यातले तिघे दुकानदार मिळून एकालाच पाठवा. माल एकाच ट्रान्सपोर्टनं आणा, पण बिलं ज्याच्या त्याच्या जीएसटी नंबरवर वेगळी घ्या.