बेटावर राहतो, पण बेट कुणाचे?

पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या की असे वाटू लागते, की 'बेट' ही वस्तू फक्त विमानाच्या तिकिटावरच मिळते. निळे पाणी, वाकलेले माड, पांढरी वाळू आणि खाली ठळक अक्षरांत रुपयांचा आकडा! तो आकडा वाचून आपल्यापैकी बहुतेक जण निमूटपणे पान उलटतात. पण भूगोलाच्या तासाला जागे राहिलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते. आपली मुंबई हे उष्ण कटिबंधातले बेटच आहे. कर्कवृत्ताच्या पुष्कळ खाली, एकोणिसाव्या अक्षांशावर ते वसले आहे. सात बेटे भराव घालून एक झाली आणि पुढे साष्टीला जोडली गेली, हे खरे. परंतु साष्टीच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, वर वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र आजही आहेत. मुख्य भूमीवर जायचे तर पूल ओलांडावाच लागतो.

तेव्हा मित्रहो, आपण बेटावरचे रहिवासी आहोत. मग साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. या बेटावर खिशात पैसे नसताना उघड्या आकाशाखाली काय करता येते? आणि ते आणखी किती दिवस करता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्यावर अवलंबून आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

ही चैनीची चर्चा आहे, असे कुणी समजू नये. बी. डी. डी. चाळींतल्या खोल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या होत्या, आणि तेवढ्या जागेत पिढ्यान् पिढ्या नांदल्या. आजही आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी अभ्यासाचे टेबल हीच रात्रीची अंथरुणाची जागा असते. अशा घरातल्या तरुणाला मैदानाचा कठडा ही बैठकीची खोली असते, बागेतले बाक ही अभ्यासिका असते आणि चौपाटी ही एकांताची एकमेव जागा असते. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांनी बाग बंद झाल्याची बातमी वाचून पान उलटले तर चालेल. इतरांच्या घराची तेवढी एक खोली कमी झालेली असते.

आता या बेटाच्या वैभवाची थोडी मोजदाद करू. सर्वांत मोठे फुकटचे नाटक म्हणजे भरती-ओहोटी. रोज दोन खेळ, पडदा आपोआप वर! वेळ कळण्यासाठी मोबाईलही लागत नाही. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नवाच्या सुमारास, ओहोटी. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब फसत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. तेव्हा गिरगाव, हाजी अली किंवा जुहूच्या उघड्या पडलेल्या खडकांवर जाऊन पाहावे. डबक्या-डबक्यांतून समुद्रफुले, खेकडे, शंख, क्वचित एखादे ऑक्टोपसचे पिल्लूही दिसते. 'मरीन लाईफ ऑफ मुंबई' हा निसर्गप्रेमींचा गट २०१७ पासून लोकांना अशा किनारफेऱ्यांवर नेऊ लागला. हाजी अलीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना कळले ते सागरी किनारा रस्त्याचे काम निघाले आणि २०२० मध्ये त्यांतले काही प्रवाळ उचलून कुलाब्याकडे हलवावे लागले तेव्हा! घरातले दागिने चोरी झाल्यावरच मोजावेत, तसे हे झाले.

मैदानांची गोष्ट तर अधिकच नवलाची आहे. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने म्हणजे जुन्या किल्ल्यासमोरच्या मोकळ्या पटांगणाचे तुकडे. तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये म्हणून ही जागा इंग्रजांनी मोकळी ठेवली होती. १८६० नंतरच्या दशकात तट पाडले गेले, तोफा गेल्या, आणि मोकळीक तेवढी आपल्या वाट्याला आली. याच आझाद मैदानावर १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली. त्यांतला एक सचिन तेंडुलकर, दुसरा विनोद कांबळी. तो खेळ पाहायला कुणाला तिकीट काढावे लागले नव्हते. पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून याच मैदानांनी पाहिली. दादरचे शिवाजी पार्क महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केले. एकाच वेळी तिथे क्रिकेटची जाळी, मल्लखांब, आजोबांच्या फेऱ्या आणि कठड्यावरच्या तरुणांचे तत्त्वज्ञान सुखाने नांदते. जगातले कुठले खासगी क्रीडासंकुल इतक्या निरनिराळ्या वयांना एका कुंपणात घेईल?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर हे बेट म्हणजे उघडे पुस्तक आहे. 'शीव' या शब्दाचा अर्थच सीमा. सतराव्या शतकात शीवच्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला तो पलीकडच्या साष्टीतल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी. तिकडे वांद्र्याला पोर्तुगीजांचा १६४० चा किल्ला उभा आहे. एका सुट्टीच्या दिवशी दोन्ही किल्ले पायी पाहून यावे, म्हणजे परीक्षेत सीमा कुठली, हे पाठ करावे लागत नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा काळ्या पाषाणाच्या उभ्या खांबांचा डोंगर तब्बल साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या पायऱ्या चढायला दमाखेरीज काही खर्च होत नाही. कान्हेरीला थोडे तिकीट पडते, पण शंभराहून अधिक लेणी, दगडात कोरलेली बाके आणि पाण्याची टाकी तिथे आहेत. या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या दात्याने वाटसरूंसाठी आणि भिक्षूंसाठी पाण्याची सोय केली आणि ती दगडावर नोंदवून ठेवली. सार्वजनिक सोय म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? आणि हिवाळ्यात शिवडीच्या दलदलीत उतरणारे रोहित पक्षी! जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला न्हावा-शेव्याचा सागरी सेतू त्याच चिखलावरून जातो. सेतूवरून जायला टोल आहे, खालचे पक्षी पाहायला नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "मग तक्रार कशाची? सगळे आहेच की!" तक्रार अशी की हे सगळे एकदम जात नाही. ते थोडे-थोडे, सभ्यपणे आणि पावती देऊन जाते. भायखळ्याच्या राणीच्या बागेचे, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, उदाहरण घ्या. प्रौढांसाठी ५ रुपये असलेले तिथले तिकीट २०१७ साली ५० रुपये झाले. आदल्या वर्षी पेंग्विन आणले होते, त्यांचा थाटही मोठा होता. पण गोरखचिंचेच्या सावलीत पुस्तक घेऊन बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेकडच्या पाहुण्यांचा खर्च का सोसावा? बसचेही तेच. २०१९ साली बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवर आले होते, ते मे २०२५ मध्ये १० रुपये झाले. सागरी किनारा रस्ता मोटारींसाठी मार्च २०२४ मध्ये खुला होऊ लागला. त्याच्या कडेने पायी फिरण्याचा मार्ग लोकांना मिळाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. चाकांना आधी आणि पायांना दीड वर्षाने, हा क्रम बरेच काही सांगून जातो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मैदाने आणि बागा 'दत्तक' देणे. दत्तक घेणाऱ्याने कुंपण घालायचे, मग फाटक, मग पहारेकरी, मग सभासदत्व, आणि काही वर्षांनी त्या जागेवर क्लब उभा राहिलेला दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने असे एक धोरण मंजूर केले होते. नागरिकांनी इतका गदारोळ केला की राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. ही घटना मला फार मोलाची वाटते. लोक ज्या जागेत रोज जातात तिच्यासाठीच ते भांडतात. ज्या मैदानावर आपण दहा वर्षांत पाऊल टाकले नाही, ते गेल्याचे आपल्याला कळतही नाही.

विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फुकट दिले की लोक घाण करतात, तिकीट लावले की शिस्त येते, असे अनेक शहाण्या माणसांचे मत आहे. आमच्या काही प्राध्यापकांचेही असेल. देखभालीला पैसा लागतो, जीवरक्षक, दिवे आणि स्वच्छतागृहे आकाशातून पडत नाहीत, हे मान्य. पण महापालिका कर घेते तो त्याचसाठी ना? रस्त्यावरचा दिवा लावण्यासाठी आपण त्याखालून जाणाऱ्याकडून पैसे घेत नाही. आणि स्वच्छतेचे म्हणाल तर वर्सोव्याचा किनारा आठवावा. तिथे कचऱ्याचे थरावर थर होते. २०१५ साली अफरोज शाह या वकिलाने आपल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह हाताने कचरा उचलायला सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडे माणसे येत राहिली, आणि २०१८ साली त्याच वाळूतून कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. त्या वाळूवर कुठले तिकीट होते? आपली वाटणारी जागा माणूस सांभाळतो. तिकिटाने पैसे न देऊ शकणारा बाहेर राहतो एवढेच होते, आणि आत आलेला मात्र "पैसे मोजलेत" म्हणून शेंगांची टरफले अधिकच निर्धास्तपणे टाकतो.

आणखी एक कुंपण आहे, ते तारेचे नाही. मुलगा कठड्यावर दोन तास बसला तर तो 'मित्रांबरोबर आहे'. मुलगी बसली की "कुणाची वाट पाहतेस?" हा प्रश्न ठरलेला. आम्हा मुलींना बाहेर असण्यासाठी नेहमी काहीतरी कारण हातात धरावे लागते. पिशवी, वही, शिकवणी, देवदर्शन! शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईविषयी लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे, की विनाकारण बाहेर रेंगाळता येणे हाही स्त्रीचा नागरिक म्हणून हक्क आहे. समुद्र फुकट असून काय उपयोग, जर अर्ध्या वर्गाला तो संध्याकाळी सातपर्यंतच असेल? तेव्हा जागा खुल्या ठेवण्याचा लढा दिव्यांचा, स्वच्छतागृहांचा आणि शेवटच्या बसचाही आहे. घरच्या मंडळींच्या नजरेचाही आहे, पण त्यावर पुढच्या वार्षिकात लिहीन म्हणते.

नुसते मत मांडून थांबणे हा आपल्या वार्षिकांचा जुना रोग आहे, म्हणून तीन सूचना करते. पहिली, महाविद्यालयाच्या फलकावर सुविचाराखाली रोज भरती-ओहोटीची वेळ लिहावी. एका खडूचा खर्च आहे. त्यातून पावसाळ्यातल्या उधाणाच्या दिवशी खडकावर वा कठड्यापलीकडे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, हेही मुलांना कळेल. दुसरी, इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांनी महिन्यातून निदान एक तास मैदानात, किल्ल्यावर किंवा किनाऱ्यावर घ्यावा. गुरुजनांनी हे मनावर घेतले तर हजेरीचा प्रश्नही बराचसा सुटेल! तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी महाविद्यालयाभोवतालच्या प्रत्येक बागेची आणि मैदानाची वर्षातून एकदा नोंद करावी. फाटक किती वाजता उघडते, कुलूप कुणाच्या ताब्यात आहे, बाके किती, दिवे किती, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, नवे कुंपण पडले का, हे सारे लिहून महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती यादी हातात घेऊन पुन्हा फिरावे. काय नाहीसे झाले, ते आपोआप दिसेल.

पदवी घेऊन आपण इथून बाहेर पडू. काही जण खरोखरच विमानाने दूरच्या बेटांवर जातील, त्यांना शुभेच्छा! पण बहुतेक जण याच बेटावर राहतील आणि त्यांची मुले एखाद्या संध्याकाळी विचारतील, "कुठे खेळायला जाऊ?" त्या प्रश्नाला दाखवण्याजोगे एखादे मैदान तेव्हा शिल्लक असावे, एवढी तजवीज आजपासून करू या. या रविवारी नुसते जाऊन बसलो तरी सुरुवात झाली.