सागाच्या खोडातील पावसाची वही

बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसे लोहा-कंधारच्या गावांतून आता थोडी उरली आहेत. त्यांच्यामागे त्या वर्षाची साक्ष कोण देणार? त्या वेळी बांधावर उभा असलेला एखादा साग ती देऊ शकतो. परंतु असा साग परवानगी काढून तोडला जातो, आरागिरणीत फळ्यांचा हिशेब होतो आणि बुडख्याचा तुकडा चुलीत जातो. त्याबरोबर त्या शिवाराच्या पावसाची वहीही जळते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

साग उन्हाळ्यात पाने टाकतो व ओल मिळताच पुन्हा वाढीस लागतो. वाढीच्या आरंभीच्या लाकडात मोठी छिद्रे असतात, नंतरचे लाकूड अधिक घट्ट असते. यामुळे वर्षाचे एक वलय उमटते. ओल पुरली तर ते सामान्यतः रुंद होते, तुटली तर अरुंद राहते. सर्वच झाडांत वलये इतकी स्पष्ट नसतात.

हे वाचन केवळ कल्पना नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील पंत व बोरगावकर या शास्त्रज्ञांनी ठाणे भागातील सागाच्या वलयांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. पुढे केरळातील सागांवरून १४८१ ते २००३ अशी सलग वलयमाला जुळविण्यात आली. हिमालयातील देवदारही हेच सांगतो. पावसाळ्यापूर्वीचे महिने अधिक तापले व कोरडे गेले की त्याची वाढ खुंटते. म्हणजे डोंगर असो वा माळ, आकाशातून किती पडले याइतकेच मुळाशी किती टिकले यालाही महत्त्व आहे.

एका खोडावरून मात्र निष्कर्ष काढू नये. फांद्या छाटल्या, पाने अळीने खाल्ली किंवा शेजारच्या झाडाची सावली पडली तरीही वलय अरुंद होते. पावसात मोठा खंड पडल्यास एकाच वर्षात खोटे वलयही उमटते. म्हणून अनेक खोडे ताडून पाहावी लागतात. बहुतेक खोडांत एकाच वर्षाचे वलय अरुंद आढळले, तरच तो दोष पावसाचा मानणे योग्य.

दुष्काळ हा अवचित आलेला पाहुणा समजण्याची सवय घातक आहे. १९७२ गेले, २०१५ही आले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अपुऱ्या पावसाची वर्षे ही या प्रदेशाच्या हवामानाचाच भाग आहेत. ती गृहीत धरूनच शेतीची आखणी झाली पाहिजे. कडब्याची शिल्लक, सोयाबीन वा ज्वारीत तुरीचे आंतरपीक आणि उताराला आडवी बांधबंदिस्ती ही कामे संकट आल्यावर सुरू करून भागत नाही.

यासाठी गावातील कार्यकर्त्यांनी एक लहान काम हाती घ्यावे. गावात साग तुटेल तेव्हा बुडख्याची एक चकती मागून घ्यावी, रंधा मारून गुळगुळीत करावी व तोडीचे साल तिच्यावर लिहून शाळेत ठेवावी. मुलांनी सालीकडून आत वलये मोजत जावे आणि आजोबांनी सांगितलेल्या वर्षांशी ती पडताळावीत. जमलेल्या चकत्या शेतकऱ्यांनीही एकत्र बसून पाहाव्यात. पुढील हंगामाची आखणी करताना चांगल्या वर्षाबरोबर वाईट वर्षाचाही हिशेब धरण्याची सवय त्यातून लागेल.