तिचा फोटो कोणासाठी?



माझी मुलगी बौद्धिक अक्षम आहे. ती ज्या शाळेत जात होती, तिने देणगी मागण्याच्या पत्रकावर तिचा फोटो छापला. तोंडातून लाळ गळताना. मला कोणी विचारले नाही, मग तिला विचारायचे कोणाला सुचणार? त्याच शाळेत मी म्हटले होते, ‘बाई, हिला फोटो दाखवून शिकवू या ना.’ उत्तर मिळाले, ‘ताई, एवढा वेळ कोणाला आहे? आणि हिला काय समजते?’

म्हणजे दया मिळवायला फोटो चालतो, शिकवायला चालत नाही!

तिला पाळी आली तेव्हा मी घरीच सुरुवात केली. तक्त्यावरचे चित्र तिला कळेना. त्यातली मोरी आमची नव्हती, बादली आमची नव्हती. म्हणून आमच्याच मोरीचे, आमच्याच बादलीचे, पॅड ठेवतो त्या फळीचे फोटो काढले. एकेका कृतीचा एकेक, असे सहा. पॅड लावण्याचा फोटो पाटावर पसरलेल्या निकरचा, तिच्या अंगाचा नव्हे. वीस सेकंदांचा व्हिडिओ केला, त्यात फक्त माझे हात. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढतो, व्हिडिओचा चढत नाही. आधी शेवटची कृती शिकवली: कागदात गुंडाळून डब्यात टाकणे. मग एकेक पायरी मागे. फोटो छापून मोरीत दोरीला लावले. आठ महिने लागले. आज सहापैकी पाच कामे ती स्वतः करते. दिवस मोजणे अजून जमत नाही, ते मी करते.

हे सांगण्याचे कारण आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिले गेले, त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या वेळी आपण विचारले होते, मुलींना शिकवले का? तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम १० ने संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. पण सुरी थांबवणे म्हणजे शिक्षण देणे नव्हे. त्याच कायद्याचे कलम १७ सांगते, संवादाच्या पर्यायी साधनांना उत्तेजन द्या. आमच्या कळंबमध्ये ते साधन कोणी आणून द्यायचे?

‘पालकांनी मोबाइलवर करावे,’ असे सांगतात. पालक म्हणजे कोण? आईच ना! शेजारची माय सकाळी कापूस वेचायला जाते, फोन नवऱ्याच्या खिशात. ‘मले फोन हातात देत नाही, बाई. पोरीले दाखवू कायच्यात?’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. उरलेल्यांच्या मुलींचे काय? शाळेतले व्हिडिओ बापाच्या फोनवर, गटात, कोणाकोणाच्या हातात जातात, हे कोण बघते?

म्हणून माझे म्हणणे असे. शिकवण्याचे फोटो छापून मुलीच्या हातात द्या, फोन नसलेल्या घरालाही ते चालतात. अंघोळ, कपडे, पाळी शिकवताना मुलीचे शरीर टिपू नका; बाहुली, पाट, आईचा हात पुरे. जाहिरातीसाठी फोटो हवा असेल तर आधी मुलीला समजेल अशा रीतीने विचारा. तिने मान फिरवली तर तो नकार समजा. आणि विशेष शिक्षिकेच्या कामात फोटो तयार करण्याचा वेळ मोजा, तो फुकट मागू नका.

आपल्या संघटनांनीही स्वतःला विचारावे. आपल्या शिबिरातल्या पाळीच्या तक्त्यावर माझ्या मुलीसाठी जागा आहे का? नसेल, तर १९९४ चा मोर्चा अर्धाच राहिला आहे.