दुधाबरोबर भांड्याचीही चौकशी हवी

मुलाच्या आहारानंतरच्या त्रासाचे कारण केवळ ॲलर्जीच्या रक्तचाचण्यांतून शोधावे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत अपुरे आहे, हे पुण्यातील संशोधनावरूनच दिसते. पोट फुगणे, यकृत वाढून कठीण होणे, पुढे कावीळ आणि बहुधा मृत्यू, अशा क्रमाने जाणारा बालयकृतकाठिण्य हा विकार दीर्घकाळ अनाकलनीय राहिला. रुग्णांच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा आढळे, पण तो येतो कोठून, हे उमगत नव्हते. केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह बाळांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली आणि १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कारण सुचवले: अगदी लवकर सुरू केलेले गाई-म्हशीचे दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवले व साठवले जाई, आणि पितळ हा तांबे-जस्ताचा मिश्रधातू असल्याने त्यातील तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जाई. घरोघरी स्टील आल्यावर हा विकार दुर्मीळ झाला, ही त्या चौकशीची मोठी पावती होय. तांब्या-पितळेचा पुन्हा आरोग्यदायी म्हणून पुरस्कार होत असताना, दूध कशात तापवले व किती वेळ ठेवले, हा प्रश्न आजही केसपेपरवर असलाच पाहिजे.