पेरणीपूर्वी वाऱ्याकडे पाहावे

मृग नक्षत्र लागले, आकाश गडगडले आणि एक जोराची सर पडून गेली, की जिरायत भागात तिफणी बाहेर निघतात. पुढे पंधरा-वीस दिवस थेंब पडत नाही. कोवळी रोपे माना टाकतात आणि दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. दोष पावसाच्या लहरीला दिला जातो. परंतु तो पाऊस कोणत्या वाऱ्याने आणला होता, हे पाहण्याची तसदी पुष्कळदा कोणीच घेतलेली नसते.

सगळा पाऊस सारखा नव्हे. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिला बाष्प मिळाले म्हणजे दुपारनंतर ढग उठतात. हा वळीव होय. तो सोसाट्याच्या वाऱ्याबरोबर येतो, एक शिवार भिजवतो, शेजारचे कोरडे ठेवतो आणि ओसरतो. मोसमी पावसाची गोष्ट निराळी. विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून येणारा हा हवेचा प्रवाह काही किलोमीटर उंचीपर्यंत बाष्पाने भारलेला असतो. तो स्थिरावला म्हणजे वारा रात्रंदिवस पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतो, हवा दमट राहते आणि खालचे ढग एकाच दिशेने सरकत जातात.

तथापि सह्याद्रीच्या पूर्वेस एवढ्याने भागत नाही. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी ५,५०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास मात्र सुमारे ७०० मिलीमीटरच. घाट चढताना हवेतील बाष्प गळून पडते. घाट उतरताना ती हवा दाबली जाऊन तापते व ढग विरतात. म्हणून या पट्ट्यात नुसता पश्चिमेचा जोराचा वारा ही पावसाची हमी नव्हे. उलट तो जमिनीची वरची ओल उडवून नेतो. विदर्भ व मराठवाड्यास तर बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही मोठा आधार असतो.

तेव्हा ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस, जमिनीत खोलवर मुरलेली ओल, स्थिरावलेला दमट वारा आणि हवामान खात्याचा पुढील दिवसांचा अंदाज, या चारही गोष्टी जुळल्यावरच तिफण धरणे शहाणपणाचे. पेरणी लांबली तर उत्पन्न घटेल, ही शेतकऱ्याची भीती निराधार नाही. पण आठवडाभराच्या विलंबाने होणारी घट बहुधा सोसण्याजोगी असते; बियाणे, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा उभी करणे लहान शेतकऱ्यास सोसत नाही.

महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे झाली आहेत. तरीही मंडळाचा आकडा म्हणजे प्रत्येक शिवाराचा पाऊस नव्हे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पर्जन्यमापकाशेजारी एक साधा वातदर्शक उभारावा आणि मे अखेरपासून रोज सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा व पाऊस चावडीच्या फळ्यावर लिहावा. पेरणीचा दिवस ठरविताना शेजाऱ्याची तिफण पाहण्यापेक्षा हा फळा पाहणे अधिक हिताचे ठरेल.