स्थपतीचें व्याख्यान आणि कुडाची भिंत

मुंबईस बाहेरगांवचा एखादा नामांकित आर्किटेक्ट आला, कीं वास्तुविद्येच्या एखाद्या महाविद्यालयांत त्याचें जाहीर व्याख्यान ठरतें. इंग्रजी समजत असेल तर त्या विद्येचा गंध नसलेला गृहस्थही तेथें मागच्या बांकावर जाऊन बसूं शकतो. आम्हां डहाणूकरांस हें पूर्वीं अवघड होतें. २०१३ सालीं चर्चगेटची लोकल डहाणूरोडपर्यंत येऊं लागल्यापासून सकाळीं निघून रात्रीं घरीं जेवायला येतां येतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या हाच अभ्यासक्रम शिकत आहे. तिच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यांत मीं असें एक व्याख्यान ऐकलें.

वक्ता विद्वान् होता, यांत शंका नाहीं. पडद्यावर देशोदेशींच्या इमारती झरझर येत होत्या. आपल्याकडे आर्किटेक्टाला जुना शब्द 'स्थपति'. आणि 'वास्तु' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून आलेला. त्या चित्रांत वास्तु पुष्कळ होत्या, पण त्यांत राहणारें माणूस मला क्वचितच दिसलें! शेवटीं वक्त्यानें एका वारली झोपडीचें चित्र दाखविलें, माती आणि कारवी यांची तोंडभरून स्तुति केली, आणि सभागृहानें टाळ्या वाजविल्या. ती झोपडी ज्या डहाणू-तलासरी भागांतील, तेथील जमीन २०१८ च्या नोव्हेंबरपासून वारंवार हादरत आली, हें मात्र कोणी उच्चारलें नाहीं. पाहुण्यास मी दोष देत नाहीं. त्यानें काय काय म्हणून जाणावें? पण यजमानांनीं त्यास सांगावयास नको होतें काय?

बाहेरून आलेला स्थपति येथें काय करूं शकतो, याचें उदाहरण मुंबईतच आहे. क्लॉड बॅटली हे इंग्लंडांतून १९१३ च्या सुमारास मुंबईस आले, आणि सर जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं वास्तुविद्येच्या कित्येक पिढ्या शिकविल्या. मुंबई सेंट्रल स्थानक (१९३०) हें त्यांच्याच हातचें. हे गृहस्थ विद्यार्थ्यांस जुन्या देशी इमारतींकडे पाठवीत आणि हातांत टेप देऊन त्यांचीं मापें घ्यावयास लावीत. भारतीय वास्तुशैलीच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९३४ चा आहे. ज्यास परक्या देशाच्या घरांवर बोलावयाचें आहे, त्यानें आधीं तीं घरें मोजावीं, हा त्यांचा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

आतां तलासरीकडील घरें कोणी मोजलीं, तर काय दिसेल? जुनें वारली घर म्हणजे जमिनींत पुरलेल्या लांकडी मेढी, त्यांवर छपराचा सगळा भार, आणि मधल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीचा लेप. भिंत छप्पर उचलीत नाहीं. ती केवळ आडोसा करते. भूकंपाचा धक्का घरास आडवा ढकलतो, आणि जितकें वजन अधिक तितका तो ढकलण्याचा जोर अधिक. हलका कूड डुलतो, फार तर त्याचा लेप गळतो. विटांची भिंत मात्र वजनानें जड आणि स्वभावानें ताठ. कोपऱ्यांत बांधणी नसेल तर तेथेंच उभी चीर पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत जीं सुमारें आठ हजार माणसें गेलीं, त्यांतील बहुतेक भूकंपानें नव्हे, मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचीं जड धाबीं अंगावर आल्यामुळें गेलीं.

आमच्याकडील धक्के त्या मानानें लहान. तरी १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्या दिवशीं घाबरून पळापळ होत असतां दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. धुंदलवाडीच्या बाजूस कुटुंबेंच्या कुटुंबें थंडींत तंबूंत निजलीं. घरकुलें नवीं होतीं, पण भिंतींस तडे गेलेले. आंत निजण्याचा धीर होईना.

मग काय, सर्वांनीं पुन्हां कुडाच्या झोपडींत जावें? हा उपदेश करणारे पुष्कळ आहेत, आणि ते स्वतः सिमेंटच्या घरांत राहतात. झोपडी दर वर्षीं शाकारावी लागते, मेढीस वाळवी लागते, आगीचें भय असतें. पक्कें घर ही वारली कुटुंबाची रास्त आकांक्षा आहे, आणि पक्कें घर भूकंपांत टिकत नाहीं असें मुळींच नाहीं. जोत्यावर, दारें-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखालीं सळया घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा चारही भिंतींवरून फिरवावा, कोपऱ्यांत उभी सळई सोडावी, दारें-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्या. पेटाऱ्यास लोखंडी पट्ट्या मारतात, तसाच हा प्रकार. भारतीय मानक ४३२६ मध्यें हें सारें दिलेलें आहे. ज्या गवंड्यानें भिंत रचावयाची, त्याच्या हातीं तें कधीं पडत नाहीं, एवढाच घोटाळा.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपलक्षणांचा अध्याय आहे आणि वास्तुविद्येचाही. दोहोंच्या मध्यें पुष्कळ अध्यायांचें अंतर आहे. आजच्या विद्यालयांत तें अंतर कमी झालें असेल अशी माझी समजूत होती. पट्ट्याचा विषय तेथेंही परीक्षेपुरता शिकवितात आणि व्याख्यानाच्या संध्याकाळीं विसरतात, असें त्या कन्येच्या बोलण्यावरून दिसलें.

आपल्या घरांतील मुलें-मुली या विद्येकडे मोठ्या संख्येनें जात आहेत, म्हणून पालकांस हें लिहितों. त्यांच्या महाविद्यालयांत पुढील पाहुणा येईल, तेव्हां सभागृहांतील व्याख्यानाआधीं त्यास एक दिवस इकडे आणावें. तलासरीस आगगाडी नाहीं. डहाणूरोडला उतरून एस. टी. पकडावी लागते. एखाद्या आश्रमशाळेच्या पटांगणांत गांवचे गवंडी आणि घरकुलाच्या यादींतील बायाबापडीं बोलवावीं, आणि पाहुण्यानें एका तडा गेलेल्या भिंतीपुढें उभें राहून बोलावें. दुभाषा विद्यार्थ्यांतूनच मिळेल. पडदा नको, दिवा नको. टेप मात्र बरोबर असावी, आणि तिचें दुसरें टोंक धरावयास मी येईन.